एन्खाउझन: आईबाबांसोबत झाउडरझेच्या काठावर

आईबाबा आमच्याकडे आम्स्टेलव्हेनला आले की आम्स्टरडॅमचे कालवे, पवनचक्क्या, ट्युलिपच्या बागा हे होतंच, पण यावेळी मला त्यांना एखाद्या छोट्या गावात नेऊन ठेवायचं होतं, जिथे सकाळी उठून पायी पायी बाजारात जाता येईल, बाबांना शेतं बघता येतील आणि आईला पाणी दिसेल. बाबा कृषी खात्यातून रिटायर झालेत, नोकरीची बरीच वर्षं जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात गेली. आई माहेरची वेंगुर्ल्याची. दोघांचंही मन रमेल असं एकच गाव माझ्या डोक्यात होतं, एन्खाउझन. नेदरलँड्सच्या नॉर्थ हॉलंड प्रांताच्या पूर्वेच्या टोकाला, आम्स्टरडॅमहून ट्रेनने साधारण तासाभरावर, वस्ती जेमतेम अठरा-एकोणीस हजार. आपली मराठी मंडळी सहसा इकडे फिरकत नाहीत आणि मला ते खरंच खटकतं, कारण या गावाचा आपल्या कोकण-गोव्याशी चारशे वर्षांपूर्वीचा संबंध आहे आणि आपल्या भाजीच्या शेतांशी आजचा. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

शुक्रवार

मे महिन्याची सुट्टी, त्यामुळे ट्रेनला गर्दी होती पण जागा मिळाली. त्याच लाइनवर आधी होर्न लागतं, तिथे उतरून दोन-तीन तास घालवले. होर्न आणि एन्खाउझन ही दोन्ही गावं डच ईस्ट इंडिया कंपनीची, म्हणजे व्हीओसीची. १६०२ मध्ये कंपनी निघाली तेव्हा तिच्या सहा शाखा होत्या, आम्स्टरडॅम, मिडलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एन्खाउझन. एवढ्याशा दोन गावांना दोन शाखा मिळाल्या यावरून त्यावेळी इथे किती पैसा आणि किती जहाजं असतील त्याचा अंदाज करा.

होर्नच्या मुख्य चौकात यान पीटरझोन कून याचा पुतळा आहे, १८९३ साली उभारलेला. हा इथलाच, पुढे कंपनीचा गव्हर्नर जनरल झाला, १६१९ मध्ये त्याने बटाव्हिया म्हणजे आजचं जकार्ता वसवलं. १६२१ मध्ये जायफळाचा व्यापार एकहाती मिळावा म्हणून इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर त्याने जे केलं ते वाचलं तर पोटात गोळा येतो, हजारो माणसं मारली, उरलेल्यांना गुलाम करून नेलं. पुतळ्याखाली आता त्याबद्दलचा मजकूर लावलाय, २०१२ पासून. पुतळा हलवावा का ठेवावा यावर गावात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. आईने तो मजकूर माझ्याकडून पूर्ण वाचून घेतला आणि मग बराच वेळ काही बोलली नाही, नंतर एवढंच म्हणाली की आमच्याकडे पण त्यांची वखार आहे ना गो, शाळेत असताना आम्ही तिथे बोरं खायला जायचो. खरंच आहे, वेंगुर्ल्यात डचांनी १६३७ मध्ये वखार काढली, तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. आईसाठी ती फक्त एक जुनी पडकी इमारत होती, आणि त्या इमारतीच्या मालकांच्या गावात आपण उभे आहोत हे तिला होर्नमध्ये पहिल्यांदा जाणवलं.

दुपारी पुढची ट्रेन पकडून एन्खाउझन. इथे रूळच संपतात, स्टेशनच्या बाहेर थेट बंदर. ही लाइन १८८५ मध्ये आली आणि इथून बोटीने पलीकडे फ्रीसलंडला जायचं अशी सोय होती, उन्हाळ्यात ती बोट अजूनही चालते. बंदरात जुन्या पद्धतीच्या शिडाच्या लाकडी बोटी ओळीने लागलेल्या, उंच डोलकाठ्या, तपकिरी शिडं गुंडाळून ठेवलेली. या आता टुरिस्टांना भाड्याने देतात, आणि शिडाच्या जहाजांवरचे कप्तान तयार करणारी एक शाळासुद्धा गावात आहे.

बंदराच्या तोंडाशी ड्रोमेडारिस नावाचा गोल जाडजूड बुरूज आहे, १५४० मध्ये बांधायला घेतलेला, तोफा ठेवायला. नंतर तिथे कैदी ठेवले, आता आत कॅफे आणि छोटं थिएटर. वरच्या मनोऱ्यात हेमोनी बंधूंनी ओतलेल्या घंटा आहेत, सतराव्या शतकात घंटा ओतण्यात या भावांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ठरावीक वेळाने त्या घंटांवर चाल वाजते आणि पूर्ण बंदरभर ऐकू येते. शेजारीच उचलता येणारा पूल, आम्ही पोचलो तेव्हा नेमका वर गेलेला, सायकलवाले पाय टेकून शांतपणे थांबलेले, कोणालाही घाई नाही.

गावाच्या चिन्हावर तीन हेरिंग मासे आहेत, डोक्यावर मुकुट घातलेले. गावाचं सगळं वैभव आधी या माशावर उभं राहिलं, मसाले नंतर आले. संध्याकाळी वेस्टरस्ट्राट या मुख्य रस्त्यावरून चक्कर मारली, आईने गाडीवरचा हेरिंग कांद्यासकट खाल्ला आणि पसंतीची मान डोलावली. बाबा माळकरी, त्यांनी पॅनकेक खाल्ला.

शनिवार

पूर्ण दिवस झाउडरझे म्युझियमला दिला आणि तरी पुरला नाही.

आधी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर म्युझियम कळत नाही. एन्खाउझनच्या समोर आज जे पाणी दिसतं ते गोड्या पाण्याचं सरोवर आहे, आयसलमेर. पण शंभर वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, झाउडरझे, नॉर्थ सीचा आत घुसलेला मोठा उथळ फाटा. या समुद्रावर हेरिंग आणि अँचोव्हीची मासेमारी चालायची आणि काठावरची सगळी गावं त्यावर जगायची. पण तोच समुद्र वादळात बांध फोडून आत यायचा. कोर्नेलिस लेली नावाच्या इंजिनियरने समुद्राचं तोंडच बंद करायचा प्लॅन १८९१ मध्ये तयार केला होता, पण खर्च बघून तो पडून राहिला. मग जानेवारी १९१६ मध्ये मोठा पूर आला, पहिलं महायुद्ध चालू असल्यामुळे अन्नाचीही टंचाई, आणि लेली स्वतः तेव्हा मंत्री होता. १९१८ मध्ये कायदा झाला आणि २८ मे १९३२ रोजी ३२ किलोमीटर लांबीच्या आफ्स्लाउटडाइक या बांधातली शेवटची फट बुजवली. लेली ते बघायला राहिला नाही, १९२९ मध्येच गेला. पुढच्या थोड्याच वर्षांत नद्यांच्या पाण्याने खारट पाणी गोडं झालं, हेरिंग गेला, अँचोव्ही गेली.

बाबांना हे सगळं माहीत असेल असं मला वाटलं होतं पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच, "मग कोळी लोकांचं काय केलं?" माणिकडोह, येडगाव ही धरणं आणि त्यातली उठलेली गावं त्यांनी नोकरीत जवळून बघितलीत, पाणी अडवलं की कोणाचं तरी घर जातं हे त्यांच्या डोक्यात पक्कं आहे. तर इथे १९२५ मध्ये सरकारने मच्छीमारांसाठी आणि मासेमारीवर पोट असलेल्या इतर लोकांसाठी मदतीचा कायदा केला, म्हणजे बांध पूर्ण व्हायच्या सात वर्षं आधी. "आधी?" बाबांनी दोनदा विचारलं. मदत पुरेशी नव्हती, कोणाला मिळाली कोणाला नाही यावर बरीच भांडणं झाली, आणि दर्या सोडून फॅक्टरीत जायला लागलेल्या माणसाचं दुःख पैशाने भरून येत नाही ते आहेच. पण कायदा आधी झाला ही गोष्ट बाबांनी मनाशी धरून ठेवली, पुढचे दिवस अधूनमधून तेच काढत होते.

म्युझियम १९४८ मध्ये सुरू झालं ते याच जाणिवेतून की हे जग आता जाणार आहे. आतला भाग पेपरहाउसमध्ये आहे, म्हणजे मिरीचं घर, १६२५ ची इमारत, नंतर व्हीओसीने घेतली आणि माल साठवायला वापरली. बाहेरचा भाग १९८३ मध्ये उघडला आणि तिथे झाउडरझेच्या काठावरच्या वेगवेगळ्या गावांतून आणलेली सव्वाशेच्या वर घरं, दुकानं, कारखाने उभे केलेत, काही विटा विटा सुट्या करून आणली, काही तर अख्खीच्या अख्खी पाण्यावरून. उर्क बेटावरच्या गल्ल्या, मार्कनचं छोटं बंदर, चर्च, शाळा, शिडं शिवणाऱ्याचं दुकान. स्टेशनजवळून बोटीने तिथे नेतात, त्यामुळे शिरतानाच पाण्याकडून गावात शिरल्यासारखं होतं.

सगळ्यात आधी लागतात त्या चुन्याच्या भट्ट्या, बाटलीसारख्या निमुळत्या आणि उंच. शिंपल्या भाजून चुना करायच्या. आईला तिथून हलवणं कठीण झालं, कारण शिंपल्यांचा चुना तिने लहानपणी बघितलेला, घराच्या भिंतींना आणि पानालाही. खाली शिंपल्या आणि जळण थरावर थर लावायचे, वर धूर जायला तोंड, हे ती मला समजावून सांगत होती आणि भिंतीवरच्या बोर्डवर बरोबर तेच लिहिलेलं.

पुढे वाफेवरची लाँड्री, खरोखर चालू, पट्ट्यावर फिरणारी मशीन आणि साबणाचा वास. औषधाच्या दुकानात गापरांचा संग्रह आहे. गापर म्हणजे जुन्या डच औषधवाल्यांच्या दारावर लावलेलं लाकडी मुंडकं, तोंड उघडं, जीभ बाहेर, काहींच्या जिभेवर गोळी. बरेचसे चेहरे पगडीवाले, सावळे, पूर्वेकडचे, कारण औषधं आणि मसाले तिकडून यायचे. एका भिंतीवर अशी ओळीने मुंडकी लावलीत. चेहरे ठरावीक साच्यातले आहेत आणि कोणी खरा माणूस समोर बसवून कोरलाय असं एकही बघून वाटत नाही, ते मला टोचलं.

स्मोकहाउसमध्ये लाकडाच्या धुरावर मासे लटकवून भाजतात, तिथेच कागदावर घेऊन खायचे. आईने ईल खाल्ली, मी मॅकरेल. बाबा बाहेर बाकावर बसून धपाटे खात दोन डच आजोबांशी खाणाखुणांनी बोलत होते.

संध्याकाळी पेपरहाउसच्या मागून वीरडाइकवर फिरलो. वीर म्हणजे समुद्री गवत. जुन्या काळी या भागातले बांध असे करायचे की पाण्याच्या बाजूला या गवताचे जाड थर दाबून बसवायचे आणि पुढे लाकडी खांब ठोकून धरायचे. १७३० च्या सुमारास लाकूड पोखरणारा जहाजकिडा आला आणि खांबच्या खांब आतून पोकळ करून टाकले, मग बाहेरून दगड आणून बांधाला अस्तर लावावं लागलं, तेही अशा देशात जिथे स्वतःचा दगड जवळजवळ नाही. आज तिथे कुत्र्याला फिरवणारे लोक आणि धावणारी मुलं असतात आणि पलीकडे संथ पाणी.

रविवार

सकाळी चर्चच्या घंटांनी जाग आली. झाउडरकेर्क आणि वेस्टरकेर्क अशी दोन मोठी चर्च, दोन्ही गावाच्या मानाने अवाढव्य. झाउडरकेर्कच्या लाकडी छतावर पंधराव्या शतकातली चित्रं आहेत, मधल्या काळात रंग फासून झाकलेली आणि मग पुन्हा उघडी केलेली. वेस्टरकेर्कमध्ये १५४२ चा कोरीव लाकडी पडदा आहे, त्याच्यापुढे बाबा बराच वेळ मान वर करून उभे होते. याच्या घंटेचा मनोरा चर्चपासून वेगळा, लाकडाचा.

पण रविवार माझ्यासाठी लिन्सखोटनचा होता.

यान हाउखन व्हान लिन्सखोटन. जन्म हार्लेमचा, वाढला एन्खाउझनमध्ये. सोळाव्या वर्षी भावांकडे स्पेनला गेला, तिथून लिस्बन, आणि १५८३ मध्ये गोव्याचे नवे आर्चबिशप व्हिसेंते दा फॉन्सेका यांच्या पदरी नोकरी धरून गोव्याला आला. वय विशीचं. पाच वर्षं तो गोव्यात राहिला आणि आर्चबिशपच्या ऑफिसात बसून जे जे बघायला, ऐकायला, नकलून घ्यायला मिळालं ते सगळं जमवलं. पोर्तुगीज लोक पूर्वेकडच्या समुद्रमार्गांची माहिती जिवापाड जपायचे, कुठल्या महिन्यात कुठला वारा, कुठे खडक, कुठून सामुद्रधुनी ओलांडायची. लिन्सखोटनने ती सगळी उतरवून घेतली. आर्चबिशप पोर्तुगालला जाताना वाटेत वारले, बातमी गोव्यात आली तशी याने घरची वाट धरली, मध्ये अझोर्स बेटांवर दोन वर्षं अडकला, आणि १५९२ मध्ये एन्खाउझनला परत पोचला.

गंमत म्हणजे गोव्यात त्याला त्याच्याच गावचा माणूस भेटला होता, डिर्क खेरित्स पोम्प, जो चीन-जपानपर्यंत जाऊन आलेला पहिला माहीत असलेला डच माणूस, म्हणून त्याला डिर्क चायना म्हणायचे. १५८० च्या दशकात गोव्याच्या बाजारात एन्खाउझनचे दोघेजण एकमेकांशी डचमध्ये बोलतायत हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आणि गावात आधीच लुकास वाखेनार होता ज्याने १५८४ पासून समुद्राचे छापील नकाशे पुस्तकरूपात काढले, शिवाय डॉक्टर पालुडानस होता, गावाचा वैद्य, ज्याच्या घरी जगभरातल्या बिया, शिंपले, औषधी, मसाले यांचा संग्रह होता आणि तो बघायला लांबून लोक यायचे. लिन्सखोटनने लिहिलं आणि पालुडानसने वनस्पतींबद्दलच्या टिपा जोडल्या.

समुद्रमार्गांचा भाग १५९५ मध्ये छापला गेला आणि त्याच वर्षी कोर्नेलिस दे हाउटमन हा डच दर्यावर्दी ती माहिती घेऊन जावाला निघाला. पूर्ण पुस्तक, इटिनेरारियो, १५९६ मध्ये आम्स्टरडॅमला छापलं, दोन वर्षांत इंग्रजीत आणि जर्मनमध्ये आलं. पोर्तुगीजांची मक्तेदारी मोडायला जे जे कारण झालं त्यात या पुस्तकाचं नाव घ्यावंच लागतं, आणि सहा वर्षांत व्हीओसी उभी राहिली. म्हणजे वेंगुर्ल्याची वखार, होर्नचा तो पुतळा, पेपरहाउसमधली मिरी, हे सगळं गोव्यातल्या एका कारकुनाच्या टेबलापर्यंत मागे नेता येतं. मला त्या माणसाबद्दल कौतुक वाटतं आणि त्या माहितीचं पुढे काय झालं याने मन जड होतं, दोन्ही एकदम.

बंदरावर बसून फोनवर आईबाबांना त्या पुस्तकातली चित्रं दाखवली. गोव्याच्या भर रस्त्यातला बाजार, छत्री धरलेले नोकर, पालख्या, घोडे, लिलाव. मग झाडांची चित्रं, नारळ, फणस, आंबा, केळी. आंब्याच्या ठिकाणी तो लिहितो की हिरव्या कैऱ्या काढून मडक्यांत मिठात घालून ठेवतात आणि नुसत्या पाण्यात शिजवलेल्या भातासोबत खातात, गरीब लोकांचं आणि गुलामांचं रोजचं खाणं हेच, कैरी नसेल तेव्हा सुका खारा मासा. मी हे वाचून दाखवलं आणि आई एकदम उठून उभीच राहिली, "अगो, ही तर आमची पेज!" खारातली कैरी, उकड्या तांदळाची पेज, नाहीतर भाजलेलं सुकं, हे तिने आयुष्यभर खाल्लंय आणि आम्हाला तापात भरवलंय. मग ती मला म्हणाली पुन्हा वाच, मी पुन्हा वाचलं. आपल्याकडे कष्टकऱ्यांच्या ताटात काय होतं ते लिहून ठेवायची पद्धत त्यावेळी नव्हती आणि या लांबच्या माणसाने ते बघितलं, नोंदवलं, आणि इथे या थंड गावात बसून शाईने लिहून काढलं. लिन्सखोटन पुढे गावाचा खजिनदार झाला, विलेम बारेंट्स या दर्यावर्दीसोबत उत्तरेच्या बर्फातूनही दोनदा जाऊन आला, आणि १६११ मध्ये इथेच गेला.

अजून एक गोष्ट जाता जाता. एन्खाउझनच्या नावाचं एक अल्मनाक सोळाव्या शतकाच्या शेवटापासून निघतंय, सूर्योदय, चंद्र, भरती-ओहोटी, हवामान, जत्रा, बागेत कधी काय लावायचं. आपल्या पंचांगासारखं घराघरात. दुकानात मिळालं, बाबांनी घेतलं, डच येत नसताना.

सोमवार

बाबांचा दिवस. सायकली भाड्याने घेतल्या, आईसाठी मागे सीट असलेली इलेक्ट्रिक.

आधी बुरन्हुक, म्हणजे गावातला शेतकऱ्यांचा कोपरा. तटबंदीच्या आत चक्क शेतकऱ्यांची घरं आहेत, पिरॅमिडसारखं एकच मोठं छप्पर, त्याखाली माणसं, गुरं आणि गवत सगळं. सतराव्या शतकात गाव खूप मोठं होईल म्हणून तटबंदी लांबवर बांधून ठेवली, मग आम्स्टरडॅमने व्यापार ओढून घेतला, मासेमारी बसली, माणसं सोडून गेली, आणि तटाच्या आतली रिकामी जागा भाजीपाला आणि गाईंनी भरली. गाव पडतीला लागलं त्यामुळेच जुनं ते सगळं जागेवर राहिलं, पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसाच नव्हता. स्टेशनपासून जवळ स्नाउक व्हान लोसन पार्क आहे तेही बघा, गावातल्या एका श्रीमंत घराण्याच्या शेवटच्या वारस बाईंच्या वारशातून १८९७ मध्ये कामगारांसाठी बांधलेली घरं, पुढे बाग, झाडं, आडवीतिडवी वाट. कामगारांसाठी घरं म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे चाळ येते, इथे त्याच काळात असा विचार झाला.

मग गावाबाहेर. या पट्ट्याला आता सीड व्हॅली म्हणतात. समुद्राच्या गाळाची भारी जमीन, थंड हवा, आधीपासून भाजीची शेती, आणि एकोणिसाव्या शतकात इथल्या शेतकऱ्यांनी कोबी-फ्लॉवरचं चांगलं बी धरून विकायला सुरुवात केली. स्लाउस आणि ख्रोट ही कंपनी १८६७ ची, ती पुढे विकत विकत सिंजेंटा या मोठ्या बियाणं कंपनीत गेली. एन्झा झाडन १९३८ ची, सुरुवातीला गावातलं बियाणाचं दुकान, आज जगभर. रस्त्याने काचघरं, ट्रायल प्लॉट, कंपन्यांच्या पाट्या. आत काही जाता येत नाही, साहजिक आहे, पण बाबा प्रत्येक पाटीपाशी सायकल थांबवत होते, कारण ही नावं त्यांनी चाळीस वर्षं पाकिटांवर वाचलीत. शेतकरी रोपवाटिकेत येऊन म्हणायचे साहेब अमक्याचंच बी द्या, आणि अमका म्हणजे हे.

सायमन ख्रोट यांची गोष्ट बाबांना माहीत नव्हती, ती मी सांगितली. त्याच ख्रोट घराण्यातला माणूस, कंपनी विकली गेल्यावर १९८२ मध्ये फिलिपिन्सला जाऊन भागीदारासोबत ईस्ट-वेस्ट सीड काढली. कल्पना अशी की उष्ण देशातल्या छोट्या शेतकऱ्याला युरोपात तयार झालेलं बी देऊन उपयोग नाही, कारली, भोपळा, मिरची, भेंडी यांचं बी तिथेच, तिथल्या रोगराईत आणि तिथल्या पावसात निवडून काढलं पाहिजे. २०१९ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, जे नॉर्मन बोरलॉग यांनी सुरू केलं. आणि या कंपनीचं भारतातलं ठाणं आपल्या छत्रपती संभाजीनगरला. बाबा म्हणाले, "म्हणजे कारल्याचं पाकीट इथून आलं होय." मग लगेच स्वतःच दुरुस्त केलं की इथून नाही, इथल्या माणसाकडून. पुढे बराच वेळ ते हायब्रीड बियाणाच्या किमतीबद्दल बोलत राहिले, दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं, घरचं बी धरायची सवय गेली, उत्पन्न वाढलं हेही खरं आणि शेतकरी दुकानावर अवलंबून राहिला हेही खरं. मला त्यांचं म्हणणं पटतं.

दुपारी नाव्हिडक्ट बघायला गेलो. एन्खाउझनपासून लेलीस्टाडपर्यंत पाण्यातून जाणारा सव्वीस-सत्तावीस किलोमीटरचा दुसरा बांध आहे, हाउटरिबडाइक, तो १९७० च्या दशकात झाला. बांधाच्या या टोकाला बोटींनी एका सरोवरातून दुसऱ्यात जायचं तर रस्ता मध्ये येणार, पूल उघडला की गाड्या तुंबणार. म्हणून २००३ मध्ये असं केलं की रस्ता खालून आणि बोटींचं लॉक वरून. तुम्ही खाली रस्त्यावर उभे असता आणि डोक्यावरून शिडाची बोट जाते. लॉकच्या काठावर उभं राहून बघितलं, बोटी आत आल्या, मागचं गेट बंद झालं, पाणी हळूहळू दुसऱ्या बाजूच्या पातळीला आलं, पुढचं गेट उघडलं. बाबांनी तीनेक बोटींच्या खेपा बघितल्या, आई म्हणाली आता पुरे, चहा.

मंगळवार

शेवटी पलीकडच्या काठाला, स्टाव्होरनला. स्टेशनसमोरून बोट, साधारण दीड तास. वारा जोरात, वरच्या डेकवर जॅकेटची टोपी धरून बसावं लागलं, आणि मधोमध गेल्यावर दोन्ही काठ पुसट होतात तेव्हा हा समुद्र होता हे मनापासून पटतं.

स्टाव्होरन फ्रीसलंडच्या अकरा शहरांमधलं सगळ्यात जुनं, आता एकदम छोटं. बंदरावर एका बाईचा पुतळा आहे, हाताने डोळ्यांवर आडोसा करून पाण्याकडे बघणारी. दंतकथा अशी की ती फार श्रीमंत विधवा होती, जहाजं पाठवायची, कप्तानाला सांगितलं जगातली सगळ्यात मौल्यवान वस्तू आण, त्याने जहाजभर गहू आणला. तिला राग आला, सगळा गहू समुद्रात ओतायला लावला. एक म्हातारा म्हणाला बाई एक दिवस तूच भीक मागशील, तर तिने बोटातली अंगठी पाण्यात भिरकावली, ही परत मिळाली तर मी भीक मागेन. थोड्या दिवसांनी जेवणात माशाच्या पोटातून तीच अंगठी निघाली. बाबांना लगेच शकुंतला आठवली, आणि आईला गव्हाचंच वाईट वाटलं, जहाजभर धान्य समुद्रात, तेही भुकेली माणसं किनाऱ्यावर उभी असताना. जिथे गहू ओतला तिथे वाळूचा दांडा तयार झाला आणि बंदर बंद पडलं अशी पुढची कथा. गावात अकरा शहरांसाठी केलेल्या कारंज्यांपैकी एक आहे, भला मोठा मासा आ वासून.

तिथून परत यायची गरज नाही, स्टाव्होरनहून ट्रेन लेवार्डनला जाते, आम्ही तसंच गेलो आणि तिथून घरी.

जाणार असाल तर थोडक्यात: म्युझियमचा बाहेरचा भाग साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असतो, हिवाळ्यात गेलात तर फक्त आतला बघायला मिळेल. स्टाव्होरनची बोटही सीझनलाच, वेळापत्रक आधी बघा, दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात. म्युझियमला पूर्ण दिवस द्या, अर्धा पुरत नाही. शाकाहारी लोकांनी पॅनकेक, चीज सँडविच आणि सूपवर भागवायची तयारी ठेवा, किंवा धपाटे-चटणी बरोबर घ्या. एन्खाउझनमध्ये बाकी सगळं पायी होतं, सायकल फक्त सीड व्हॅली आणि नाव्हिडक्टला लागते. आणि होर्नला उतरलात तर पुतळ्याखालचा मजकूर पूर्ण वाचा.